‘येणंजाणं धरून दीडशे’: अलिबागच्या किल्ल्यात आम्ही कसे अडकलो

साडेअकराच्या सुमारास आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन पोरं. समोर कुलाबा किल्ला आणि मधल्या उथळ पाण्यातून घोडागाड्यांची ये-जा चाललेली. चपला हातात घेऊन चालत निघालेलेही काही दिसत होते.

गाडीतून उतरतो न उतरतो तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण पुढे आला. ओळखपत्र कसलं होतं ते मी वाचलं नाही, ही पहिली चूक. म्हणाला, “माणशी दीडशे. घोडागाडी, किल्ल्याचं तिकीट, येणंजाणं, सगळं त्यातच. काकूंना चालायला नको.” सासूबाईंचे गुडघे त्याने आमच्या आधी हेरले होते. 750 रुपये रोख दिले. छापील पावती मिळाली, शिक्क्यासकट.

महादरवाज्याशी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने ती पावती उलटीपालटी करून परत दिली. “हे आमचं नाही.” सरकारी तिकीट मोठ्यांना 25 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना फुकट. म्हणजे तिघांचे 75. ते पुन्हा भरले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण 75 रुपयांसाठी सहलीचा मूड कोण घालवणार!

किल्ला मात्र बघण्यासारखा आहे, हे कबूल. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आंग्रेकालीन गणपतीच्या देवळात सासूबाई निवांत बसल्या, पोरं इंग्लंडहून आलेल्या तोफांवर चढायला बघत होती. या सगळ्यात दीड-दोन तास गेले.

बाहेर आलो तर वाटेवर पाणीच पाणी. घोडागाडी एकही नाही. पावतीवरच्या नंबरला फोन केला, बंद. तेवढ्यात एक होडी लागली. होडीवाल्याने पावतीकडे पाहिलंही नाही. “त्याचं त्याला विचारा. माझे माणशी 300.” घासाघीस केली तर तो शांतपणे म्हणाला, “मग बसा. आठ वाजता चालत याल.”

इथेच सगळी मेख होती. किल्ला संध्याकाळी बंद होतो आणि वाट उघडी पडणार रात्री. पाच जणांचे 1500 मोजले. होडीत बसताना नवऱ्याने विचारलं, “तो पावतीवाला तुमच्यातलाच का?” उत्तर आलं नाही. किनाऱ्यावर उतरलो तेव्हा तोच पावतीवाला होडी ओढायला आला, आम्हाला ओळख न देता.

सगळे गाडीवाले असे नाहीत. जाताना आमच्या गाडीवाल्याने सासूबाईंना हाताला धरून उतरवलं होतं, आणि त्याला या पावतीतले किती मिळाले असतील देव जाणे.

किनाऱ्यावर सुकट विकणाऱ्या एका मावशींनी आमची तोंडं पाहून विचारलं, “आज तिथ कोनची?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पंचमी होती. मग त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. म्हणजे त्या दिवशी चालत जायची वेळ सकाळी पावणेदहाच्या आसपास होती आणि आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढायला लागून पावणेदोन तास झाले होते. पावतीवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. एकादशीला हाच हिशेब धरला तर ओहोटी दुपारी सव्वादोनला येते, जेवूनखाऊन जाता येतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फार हटत नाही, त्या दिवशी चालायच्या भरवशावर जाऊ नका. या हिशेबातली वेळ थोडीफार, कधी जास्तही, इकडेतिकडे होते, म्हणून किनाऱ्यावर कुणा कोळ्याला विचारावं, पैसे मागत पुढे येणाऱ्याला नव्हे. तिकीट किल्ल्याच्या दारातच काढावं, आणि परतीचे पैसे परत आल्यावरच द्यावेत.

पावतीवर पत्ता नव्हता, नाव नव्हतं, शिक्क्यात नुसता नांगर. पोलीस चौकीत तक्रार लिहून दिली, पुढे काही कळलं नाही.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. त्या तारखेच्या चौकोनात ‘पंचमी’ ठळक छापलेलं होतं. त्यावरच मी दुधाचा हिशेब लिहून ठेवला होता.