स्कारबरो की व्हिटबी? यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करायचा

उन्हाळ्यात आई-बाबा इंग्लंडला आले की लंडन होतं, लेक डिस्ट्रिक्ट होतं आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "एकदा समुद्रावर जाऊन येऊ या." लीड्स, यॉर्क, मँचेस्टरकडे राहणाऱ्या मंडळींपुढे अशा वेळी हटकून दोन नावं येतात, स्कारबरो आणि व्हिटबी. नकाशावर दोघांत जेमतेम वीस मैल, म्हणून दोन्ही एकाच दिवसात उरकायचा बेत ठरतो. तो करू नका. ऑगस्टमध्ये अर्धा दिवस रस्त्यावर जातो, उरलेला पार्किंग शोधण्यात, आणि समुद्र दिसतो तो गाडीच्या काचेतून.

माझं मत आधीच सांगून टाकते. गाव म्हणून व्हिटबी कितीतरी देखणं आहे, पण सुट्टी घालवायला स्कारबरो सोयीचं. त्यामुळे आपल्यासोबत कोण आहे ते पाहा आणि मुक्काम ठरवा.

आधी पोचायचं बघू. स्कारबरोला यॉर्कहून थेट ट्रेन आहे, पाऊण-एक तास लागतो, आणि स्टेशनपासून पुळण चालत जाण्याइतकी जवळ. गाडी नसेल तर इथेच निम्मा निकाल लागला. व्हिटबीला रेल्वे आहे, पण ती मिडल्सबरोवरून एस्क नदीच्या खोऱ्यातून रमतगमत येते. दीड तासाचा प्रवास आणि दिवसाला मोजक्याच गाड्या. यॉर्कहून मूर (उंचावरचं मोकळं माळरान) ओलांडून जाणारी कोस्टलायनर बसही आहे. वेळ खाते, पण ऑगस्टमध्ये हेदरची जांभळी झुडपं फुललेली असताना वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर कुणी कुरकुरणार नाही.

आता गुडघे. व्हिटबीचं मुख्य आकर्षण म्हणजे ॲबी, जुन्या मठाचे भग्नावशेष. ते कड्यावर आहेत आणि जुन्या गावातून तिथे जायला १९९ पायऱ्या आहेत, खाली गल्ल्यांतून दगडी फरशी. मुलं पायऱ्या मोजत पळत सुटतात, आजी पहिल्या बाकावर बसतात. (हे बाक पूर्वी शवपेट्या वर नेताना टेकवायला होते, हे आजींना नंतर सांगा.) ज्यांना चढवत नाही त्यांनी गाडीने मागच्या रस्त्याने थेट ॲबीपाशी जावं, वर कार पार्क आहे. गुडघे धडधाकट असले तरी एकदा पायऱ्यांनी उतरा, कारण लाल कौलांची गर्दी, मधून जाणारी नदी आणि बंदराचे दोन बाहू हे सगळं एकत्र दिसतं ते तिथूनच. स्कारबरोही चढउताराचं गाव आहे, पण तिथल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वीच त्यावर उपाय काढला. १८७५ साली सुरू झालेली साउथ क्लिफची लिफ्ट ही ब्रिटनमधली पहिली क्लिफ रेल्वे, म्हणजे कड्यावरून रुळांवर वर-खाली करणारा डबा. तशीच १८८१ची सेंट्रल ट्रॅमवेही आहे, ती गावातून खाली पुळणीपाशी आणून सोडते. खाली सपाट प्रॉमेनेड आणि दर थोड्या अंतरावर बाक. बाबांना वर्तमानपत्र घेऊन बसवा आणि निश्चिंत व्हा.

लहान मुलं असतील तर फार विचारच करू नका, स्कारबरो. साउथ बेवर वाळू, गाढवाची सफर आणि समोर दोन पेनीची नाणी टाकायची यंत्रं. सरकत्या फळीवर नाण्यांचा ढीग अगदी कडेला लोंबकळत असतो, आता पडेल मग पडेल असं वाटत राहतं, आणि मुलांपेक्षा आजोबाच जास्त वेळ तिथून हलत नाहीत. नॉर्थ बेकडे पीझहोम पार्क आहे. तिथल्या तळ्यात उन्हाळ्यात आठवड्यातून काही दिवस चक्क नाविक लढाई होते. जहाजं वीसेक फुटांची, आणि मोठ्या जहाजांच्या पोटात माणूस बसून ती हाकतो! १९२७ पासून हा प्रकार चालू आहे. धूर, तोफा, वरून तारेवरून येणारी विमानं, लाउडस्पीकरवर समालोचन. जुनाट आहे, थोडं बालिश आहे, आणि मला फार आवडतं. पार्कपाशीच १९३१ ची छोटी रेल्वे सुटते, ती समुद्राकडेने सी लाइफ मत्स्यालयापर्यंत नेते. तो एक अख्खा दिवस झाला.

व्हिटबीत मुलांसाठी एकच गोष्ट, पण ती भारी: खेकडे पकडणं. बंदराजवळच्या दुकानात दोरी, जाळीची छोटी पिशवी आणि बादली मिळते. पिशवीत आमिष घालायचं, धक्क्यावरून खाली सोडायचं आणि थांबायचं. आमिष बहुधा बेकनचं असतं, त्यामुळे शाकाहारी आई ते दोन बोटांच्या चिमटीत, मान वळवून पिशवीत कोंबताना दिसते. दोरी सावकाश ओढायची. घाईने ओढली की पाण्याबाहेर येता येता खेकडा हात सोडतो. बादलीत समुद्राचंच पाणी घ्या, खेकड्यांची गर्दी करू नका आणि निघताना सगळे परत सोडा.

डुंबायचा विचार असेल तर आधीच सांगते, उत्तर समुद्राचं पाणी भर ऑगस्टमध्येही पंधरा अंशांच्या आसपास असतं. शिवाय स्कारबरोच्या साउथ बेच्या पाण्याला अलीकडे तपासणीत "पुअर" असा शेरा मिळालेला आहे. पाण्यात शिरायचंच असेल तर नॉर्थ बे किंवा व्हिटबीची वेस्ट क्लिफखालची पुळण बरी. तरी किनाऱ्यावरचा फलक वाचूनच उतरा. वरचं जॅकेट दोन्हीकडे न्या. लख्ख ऊन असताना समुद्रावरून धुकं सरकत येतं, इथले लोक त्याला सी फ्रेट म्हणतात, आणि पंधरा मिनिटांत हात गारठतात.

इतिहासात मात्र व्हिटबीच्या पासंगाला स्कारबरो पुरत नाही. स्कारबरोला किल्ला आहे, १८६७ चं अवाढव्य ग्रँड हॉटेल आहे, सेंट मेरीज चर्चच्या आवारात कादंबरीकार ॲन ब्राँटेची कबर आहे. तासा-दोन तासांत होतं. व्हिटबीचा मठ ६५७ साली सेंट हिल्डने स्थापन केला (आज दिसतात ते भग्नावशेष बरेच नंतरचे), आणि ६६४ साली ईस्टर नेमका कधी धरायचा यावर इथे धर्मसभा भरली. टिळक पंचांग आणि इतर पंचांगांचा वाद ज्या घरात ऐकलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. ग्रेप लेनवरच्या ज्या घरी दर्यावर्दी कॅप्टन कुक उमेदवारीला होता तिथे त्याचं संग्रहालय आहे. त्याचं एंडेव्हर जहाजही व्हिटबीतच बांधलेलं. कादंबरीतला ड्रॅक्युला इथल्याच किनाऱ्यावर उतरतो, म्हणून गावात काळे कपडे घातलेली मंडळी दिसतील. घाबरू नका, फार सभ्य असतात.

आई-बाबांना मात्र मी आधी दुकानांतले दगड दाखवीन. व्हिटबीच्या कड्यांत अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म सापडतात, वेटोळं घातलेल्या सापासारखे. हिल्डने सापांचे दगड केले अशी दंतकथा आहे, आणि पूर्वी विक्रेते त्यांवर सापाचं तोंड कोरूनही विकत. गंडकी नदीतले आपल्या देवघरातले शाळीग्राम म्हणजेही अमोनाइटच. हे सांगितल्यावर कंटाळलेली आई त्या दुकानातून लवकर निघत नाही. पुळणीवर सुटे पडलेले तुकडे उचलायला हरकत नाही, पण कड्याखाली उभं राहू नका, वरून माती-दगड ढासळतात.

खाण्याचं एक महत्त्वाचं, दोन्ही गावांना लागू. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानांत बीफ ड्रिपिंग वापरतात, म्हणजे नुसते चिप्सही गोमांसाच्या चरबीत तळलेले असतात. घरात चालत नसेल तर मागवण्याआधी विचारा, "व्हेजिटेबल ऑइल आहे का?" विचारण्यात कुणाला काही वाटत नाही. स्कारबरो मोठं असल्याने पर्याय जास्त. मासे खाणाऱ्यांनी व्हिटबीत ओकच्या धुरावरचे किपर, म्हणजे धुरी दिलेले हेरिंग मासे, चाखावेत. धुराचा वास गल्लीच्या तोंडापासूनच येतो. आणि कुठेही बसा, सीगलकडे पाठ करून खाऊ नका.

आसपास हिंडायला व्हिटबी वरचढ आहे. पिकरिंगहून मूरमधून येणारी वाफेची गाडी थेट व्हिटबीपर्यंत धावते आणि वाटेत गोथलंड लागतं, हॅरी पॉटरच्या पहिल्या सिनेमातलं हॉग्समीड स्टेशन. दक्षिणेला सहा मैलांवर रॉबिन हुड्स बे आहे, उतारावर चिकटलेली घरं आणि तळाशी समुद्र. तिथे गाडी वरच ठेवावी लागते आणि परतीचा चढ दमवणारा आहे, त्यामुळे ज्येष्ठांना नेण्याआधी विचार करा. भरती-ओहोटीची वेळ बघूनच जा, भरतीला वाळू उरतच नाही. चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी १९६५ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची सिंडर ट्रॅक धरावी, स्कारबरो ते व्हिटबी एकवीसेक मैल.

तर आई-बाबा आणि मुलं असा लवाजमा असेल तर मुक्काम स्कारबरोला करा आणि एक पूर्ण दिवस बसने व्हिटबीला जा. तासाभराचा रस्ता आहे आणि २०२५ पासून एकेरी भाडं जास्तीत जास्त तीन पौंड. दोघंच असाल तर उलट करा, व्हिटबीत राहा, कारण संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे पांगल्यावर ते गाव खरं सुरू होतं. किनारा उत्तरेकडे तोंड करून असल्याने जूनअखेरीस साडेनऊच्या पुढे धक्क्यावरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. पूर्वेकडच्या स्कारबरोत तो गावामागे जातो. मात्र व्हिटबीतल्या खोल्या कमी आणि महाग. शाळांच्या सुट्टीत जायचं तर ईस्टरच्या आसपासच बुकिंग करून टाका. पिकरिंगच्या गाडीचंही तसंच, व्हिटबीपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या थोड्या असतात.