ब्लेंडर आणि ओपन रेल्स: एका 'ब्लॅक फाइव्ह'सोबत नऊ महिने

गेले नऊ महिने मी ब्लेंडर हे त्रिमितीय आरेखनाचे सॉफ्टवेअर आणि ओपन रेल्स हा रेल्वे सिम्युलेटर यांच्या जोडीने वाफेचे एकच इंजिन बांधत आहे. दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. मी निवडलेले इंजिन म्हणजे लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी विल्यम स्टॅनियर यांनी आखलेले 4-6-0 चाकरचनेचे (पुढे चार लहान चाके, मग गाडी ओढणारी सहा मोठी चालकचाके, मागे एकही नाही) 'ब्लॅक फाइव्ह'. 1934 ते 1951 या काळात अशी 842 इंजिने तयार झाली आणि 11 ऑगस्ट 1968 रोजी ब्रिटिश रेल्वेने वाफेला निरोप देणारी जी शेवटची गाडी सोडली, तिच्या काही टप्प्यांवरही हीच इंजिने होती. निवडीमागचे खरे कारण मात्र व्यावहारिक होते. या इंजिनाची मापे सहज मिळतात, आणि चाचणीसाठी उत्तर इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल हा मार्ग आयता उपलब्ध आहे, कारण ओपन रेल्स ज्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या (2001) फाइल्स वाचतो, त्याच्या मूळ मार्गांपैकी तो एक आहे.

बाह्य आकार अपेक्षेपेक्षा लवकर उभा राहिला. पुढे निमुळता होत जाणारा बॉयलर, त्यामागची चौकोनी खांद्यांची बेल्पेअर फायरबॉक्स (कोळसा जळण्याची पेटी), धुराडे, केबिन हे सगळे सहा आठवड्यांत झाले. मूळ नकाशाच्या ज्या स्कॅन प्रतीवर मी भिस्त ठेवून काम केले, ती एका बाजूला किंचित ताणलेली होती आणि ते माझ्या लक्षात आले तेव्हा अर्धे इंजिन बांधून झाले होते. त्यामुळे आता मी कोणताही नकाशा ब्लेंडरमध्ये घेतल्यावर आधी चाकाचा व्यास उभा आणि आडवा असा दोन्ही बाजूंनी मोजतो. रंगाबद्दल एकच सांगतो: काळे इंजिन शुद्ध काळ्या रंगाने रंगवू नये. पडद्यावर ते इंजिन न दिसता इंजिनाच्या आकाराचे भोक दिसते. गडद करडा रंग, कडांना किंचित उजळपणा आणि पाट्यांच्या काठावरची बारीक लाल रेघ एवढ्याने ते काळे आणि भरीव वाटू लागते.

खरा वेळ गेला तो चाकांच्या बाहेरच्या दांड्यांमध्ये. ब्लॅक फाइव्हच्या बहुतेक इंजिनांना वॉल्शर्ट्स पद्धतीचा व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची ते ठरवणारी दांड्यांची रचना) होता; बेल्जियमच्या एगिद वॉल्शर्ट्स यांनी 1844 मध्ये शोधलेली ही रचना सगळी उघड्यावर असते, त्यामुळे चूक लपवायला जागाच नसते. पिस्टनच्या दांडीच्या टोकाचा क्रॉसहेड फक्त पुढे-मागे सरकतो, कनेक्टिंग रॉडचे एक टोक त्याला आणि दुसरे चाकावरच्या क्रँकच्या खिळीला जोडलेले असते, आणि रॉडची लांबी मर्यादित असल्यामुळे क्रॉसहेडची हालचाल शुद्ध साइन लहरीसारखी होत नाही. म्हणून मी ब्लेंडरमध्ये क्रॉसहेडची जागा क्रँकचा कोन आणि रॉडची लांबी यांच्या सूत्राने बांधली आणि रॉडचे टोक सतत त्याच्याकडे वळलेले राहील असे बंधन घातले. ब्लेंडरच्या आत हे निर्दोष चालले. सिम्युलेटरमध्ये नेल्यावर मात्र रॉडचे मोठे टोक खिळीवरून आत-बाहेर सरकू लागले, जणू बेअरिंग झिजले आहे.

कारण शोधण्यात पंधरा दिवस गेले. एक्सपोर्ट करताना एका फेऱ्यासाठी मी आठ की-फ्रेम (हालचालीतल्या नोंदवलेल्या स्थिती) ठेवल्या होत्या आणि दोन की-फ्रेममधली जागा सरळ रेषेने भरली जाते, म्हणजे खिळीशी जुळवलेले टोक वर्तुळावरून न जाता जीवेवरून जाते. पिस्टनचा स्ट्रोक 28 इंच, म्हणजे क्रँकची त्रिज्या 14 इंच किंवा 356 मिमी. आठ भाग केले तर जीवेचा मध्य वर्तुळापासून सुमारे 27 मिमी आत पडतो, सोळा भाग केले तर 7 मिमी, आणि बत्तीस भाग केले तर 2 मिमीपेक्षाही कमी. मी बत्तीस ठेवले आणि बेअरिंग 'दुरुस्त' झाले. याच टप्प्यावर आणखी एक चूक सापडली. डावी बाजू मी उजवीची आरशातली प्रत म्हणून बनवली होती, त्यामुळे दोन्ही क्रँक एकाच वेळी एकाच जागी येत होते. खऱ्या इंजिनात ते एकमेकांशी 90 अंशांवर असतात, नाहीतर दोन्ही पिस्टन एकदमच टोकाला येऊन उभे राहिले की इंजिन जागचे हलणार नाही. सिम्युलेटरला याचे काही वाटत नाही. त्याने माझे ते अशक्य इंजिन मुकाट्याने महिनाभर चालवले.

ओपन रेल्सची ही मुकाट्याने चालवण्याची सवय नवशिक्याला महाग पडते. चाकाच्या किंवा बोगीच्या भागाचे नाव ठरलेल्या पद्धतीने दिले नाही, तर तो भाग हलत नाही एवढेच. का हलत नाही ते तुम्हीच शोधायचे. मी वापरलेले एक्सपोर्टचे प्लगइनही त्याच स्वभावाचे निघाले. भागांची श्रेणी, म्हणजे कोणता भाग कोणाच्या आत, ती आधी कागदावर लिहून मगच ब्लेंडर उघडणे हा त्यावर मला सापडलेला एकमेव उपाय आहे.

या सगळ्याची भरपाई भौतिकी करते, आणि त्यासाठीच मी ही जोडी सोडलेली नाही. इंजिनाच्या मजकूर फाइलमध्ये सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक, बॉयलरचा दाब, कोळशाच्या जाळीचे क्षेत्रफळ, तापपृष्ठ (पाणी तापवणारे पृष्ठफळ), चाकाची त्रिज्या, गाडीचा अवरोध असे आकडे भरायचे आणि त्यांतून ओपन रेल्स वाफ, कोळसा आणि ओढ यांचा हिशेब सतत मांडत राहतो. अवरोधासाठी तो डेव्हिसच्या 1926 च्या सूत्राचे तीन गुणांक घेतो: एक स्थिर, एक वेगाच्या आणि एक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. धुराडे, सिलिंडरच्या ड्रेन तोट्या, शिट्टी या प्रत्येक ठिकाणच्या वाफेसाठीही सात आकडे द्यावे लागतात: तीन जागेचे, तीन दिशेचे आणि एक तोटीच्या रुंदीचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण आकडे खरे असतील तर इंजिनाचे वागणेही खरे होते.

आणि आकडे खोटे असतील तर तेही उघडे पडते. याच मार्गावर सेटलपासून ब्ली मूरपर्यंत सुमारे 24 किलोमीटर बहुतांशी शंभरात एक असा चढ आहे. माझे इंजिन तीनशे टनांचे डबे घेऊन तिथे असे चढले की रिबलहेडचा 24 कमानींचा पूल येईपर्यंत वेग उतरलाच नाही. मला आधी आनंद झाला, नंतर शंका आली. ब्लॅक फाइव्हची ओढशक्ती कागदावर करून बघता येते: दाब 225 पौंड प्रति चौरस इंच, सिलिंडर 18.5 गुणिले 28 इंच, चाक 72 इंच. दाबाच्या 85 टक्क्यांनी हिशेब केला की उत्तर 25,455 पौंड येते आणि तोच आकडा या इंजिनासाठी सर्वत्र दिलेला असतो. मी चालकचाकाच्या रकान्यात पुढच्या बोगीच्या 39.5 इंची चाकाची त्रिज्या भरली होती. फाइलमध्ये चाकाची त्रिज्या दोन ठिकाणी येते, वाघिणीच्या भागात बिनशक्तीच्या चाकांची आणि इंजिनाच्या भागात चालकचाकांची; मी पहिली दोन्हीकडे उतरवली आणि माझे इंजिन 1.8 पट बलवान झाले. चाकेही तितक्याच पटीने जास्त गरगरत होती, पण बाहेरून बघताना ते मला घसरणे वाटले होते.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीत मी अर्ध्या चढावर थांबलो, आणि यावेळी चूक मॉडेलची नव्हती, चालवणाऱ्याची होती. मी कट-ऑफ (पिस्टनच्या स्ट्रोकच्या किती भागापर्यंत वाफ आत येत राहते ते प्रमाण) 60 टक्क्यांवर ठेवून बॉयलर रिकामा करत होतो. रेग्युलेटर (वाफेची मुख्य झडप) मोठा उघडून कट-ऑफ 30 च्या आसपास आणल्यावर आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर सपाटीवरच चालवून चढाआधी पाणी भरून घेतल्यावर तीच गाडी, तोच भार, दाबाचा काटा फारसा न पडता ब्ली मूरच्या बोगद्यात शिरली. पाच-सहा महिने मी ज्याला आरेखनाचे काम समजत होतो, त्यातले निम्मे काम इंजिन चालवायला शिकण्याचे होते.

नव्याने हे करणाऱ्याला मी उलट्या क्रमाने जायला सांगेन. आधी साधा डबा चाकांवर ठेवून मजकूर फाइल पूर्ण करा आणि ती चढावर तपासा, मग दांड्या हलवा, आणि बॉयलरवरचे रिव्हेट सगळ्यांत शेवटी. ज्याला फक्त देखणे चित्र हवे आहे त्याने या जोडीच्या वाटेला जाऊ नये. प्रकाश आणि सावल्यांच्या बाबतीत अलीकडचे विकतचे सिम्युलेटर बरेच पुढे आहेत.

माझ्या मॉडेलमधली एक उणीव अजून तशीच आहे. खऱ्या इंजिनात ड्रायव्हर कट-ऑफ बदलणारा रिव्हर्सर फिरवतो तेव्हा व्हॉल्व्ह गिअरच्या एक्स्पान्शन लिंकमधला रेडियस रॉड वर-खाली सरकतो. माझा रॉड एकाच कट-ऑफसाठी आधीच नोंदवून ठेवलेल्या हालचालीत अडकलेला असल्यामुळे 60 टक्के असो वा 20, तो त्याच उंचीवर डुलत राहतो.