आय-नॅचरलिस्टवर वर्षभर नोंदी केल्यानंतर: नेमके ठिकाण सांगावे की झाकावे?

लोकजैवविविधता नोंदवहीसाठी, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदवहीसाठी, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने माझ्याकडे नोंदी मागितल्या, म्हणून आंबोली परिसरातल्या वर्षभराच्या नोंदी आय-नॅचरलिस्ट या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी करण्याच्या ॲपवरून उतरवून घेतल्या. फोटो कसा चढवायचा, प्रजातीच्या ओळखीवर दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले की नोंद ‘संशोधन दर्जा’ला कशी पोहोचते, हे वाचकांना ठाऊक असेलच. सेवा मोफत आहे, जाहिरातींचा त्रास नाही, आणि अंधारात न दिसलेल्या बेडकाची नोंद नुसत्या आवाजाच्या मुद्रणावरूनही करता येते, याचे मला फार अप्रूप वाटते. परंतु मला लिहायचे आहे ते ठिकाणाविषयी.

सह्याद्रीत ठिकाण चुकले की नोंदीचा अर्थच बदलतो. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड हा बेडूक सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या, जांभ्या कातळात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याची खूण घाटाखाली पडली, तर पुढच्या अभ्यासकाला त्या नोंदीचा काडीचाही उपयोग नाही. असे असूनही पुष्कळ हौशी मंडळी घरी गेल्यावर नकाशात ‘आंबोली’ शोधून थेट बाजारपेठेवर खूण करतात, याचा मला मनापासून संताप येतो. घाटात नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते. ॲप उघडल्याबरोबर अचूकतेचे वर्तुळ कित्येकदा काहीशे मीटरचे दिसते, पण छत्री धरून थोडा वेळ उभे राहिले की ते आक्रसत दहा-पंधरा मीटरवर येते. तेवढे थांबायलाच हवे.

म्हणूनच धोक्यातील प्रजातींचे ठिकाण आपोआप धूसर करण्याचा आय-नॅचरलिस्टचा नियम मला सुरुवातीला मुळीच पटत नव्हता. मूळ जागेऐवजी ०.२ अंश लांबी-रुंदीच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेही खूण दाखवली जाते, आणि तेवढ्या चौकोनात घाटमाथा व तळकोकण दोन्ही सहज मावतात.

गेल्या पावसाळ्यात माझे मत बदलले. मलबार चापडा हा विषारी साप भक्ष्याची वाट पाहत एकाच झुडपावर अनेक दिवस बसून राहतो. अशाच एका चापड्याचे नेमके ठिकाण कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवले आणि रात्री तिथे बॅटऱ्या घेतलेल्या लोकांची रीघ लागली. फोटो नीट यावा म्हणून कुणी फांदी वाकवून बांधली, कुणी सापाच्या तोंडासमोरची पाने खुडली. पुढे तो साप तिथे दिसला नाही. चापडा धोक्यातील प्रजातींत मोडत नसल्याने त्याचे ठिकाण आपोआप झाकले जात नाही. नोंद करताना ‘धूसर’ हा पर्याय आपणच निवडावा लागतो. आता एका जागी बसणारे साप, कातळावरच्या पाली आणि पक्ष्यांची घरटी यांच्या नोंदी मी धूसर ठेवतो. झाडे आणि फुलपाखरे खुली ठेवतो.

यात माहिती हरवत नाही, कारण स्वतःच्या नोंदी उतरवून घेताना मूळ अक्षांश-रेखांश आपल्याला मिळतात. समितीला मी चापड्याच्या वगळून बाकीच्या नोंदींची यादी दिली आहे आणि सार्वजनिक प्रतीत संवेदनशील प्राण्यांच्या ठिकाणाऐवजी फक्त गावाचे नाव छापावे, अशी लेखी विनंती केली आहे. ती मान्य होईपर्यंत चापड्याच्या नोंदी मी कुणालाही देणार नाही.