रिग्ली फील्ड: तिकीट काढण्याआधी खांब बघा, आत गेल्यावर वारा बघा

शिकागोच्या उत्तर भागात क्लार्क आणि ॲडिसन हे रस्ते जिथे मिळतात, तिथे रिग्ली फील्ड हे बेसबॉलचं मैदान १९१४ पासून उभं आहे. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, मैदानांत याहून जुनं एकच, बॉस्टनचं फेनवे पार्क, आणि तेही दोनच वर्षांनी मोठं. शिकागो कब्स हा संघ इथे १९१६ पासून खेळतो. २०२० मध्ये या वास्तूला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. पण रिग्लीला जायचं कारण वय हे नाही. इथलं जुनेपण चालू सामन्यात हात घालतं, हे खरं कारण. वारा, विटा, वेल आणि लोखंडी खांब हे चारही इथे खेळाडूंइतकेच खेळात असतात. त्यांची ओळख नसेल तर चांगले पैसे मोजून खांबामागे बसायची वेळ येते.

म्हणून आधी जागेचं. खालच्या स्टँडवर वरचा डेक १९२० च्या दशकात चढवला गेला आणि त्याचा भार खालच्या प्रेक्षकांमधून वर जाणाऱ्या खांबांवर आहे. मैदानाला लागून असलेल्या १०० च्या आकड्याच्या सेक्शनमध्ये खांबाचा त्रास नाही, फक्त भाव चढे असतात. त्यामागे २०० च्या आकड्याचे सेक्शन सुरू होतात आणि फसगत होते ती इथेच. या सेक्शनच्या मागच्या रांगांत दोन अडचणी एकत्र येतात. समोर खांब, आणि डोक्यावर वरच्या डेकचा तळ. उंच उडालेला चेंडू त्या कडेआड जातो आणि पुन्हा दिसतो तो थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात. मधला स्कोअरबोर्डही तिथून झाकला जातो.

खांब समोर आला की जागा वाया गेली, असंही नाही. तो काय झाकतो हे महत्त्वाचं. आउटफिल्डचा एखादा कोपरा झाकत असेल तर दहा मिनिटांत विसर पडतो. पिचर (चेंडू टाकणारा) किंवा होम प्लेट (फलंदाजाची जागा) झाकत असेल तर मात्र ती जागा फुकटसुद्धा घेऊ नये, कारण एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू टाकले जातात आणि प्रत्येक चेंडूला मान वाकडी करावी लागते. तिकिटाच्या तपशिलात ‘ऑब्स्ट्रक्टेड’ किंवा ‘लिमिटेड व्ह्यू’ असे शब्द शोधा. पुनर्विक्रीच्या तिकिटावर ते दरवेळी लिहिलेले असतीलच असं नाही, म्हणून त्या सेक्शनमधून इतरांनी काढलेले फोटो आधी पाहून घ्या.

आमच्या मते पैशाचं सर्वांत चीज होतं ते वरच्या डेकच्या पुढच्या रांगांत, म्हणजे ३०० च्या आकड्यात. नव्या स्टेडियममध्ये खालच्या प्रेक्षकांपुढे खांब नकोत म्हणून वरचा मजला मागे सरकवतात, त्यामुळे तिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. रिग्लीत खांब असल्यामुळेच वरचा डेक मैदानावर झुकलेला राहू शकला. खाली ज्या खांबांनी काहींची दृष्टी अडवली, त्यांनीच वरच्यांना खेळाच्या जवळ आणून बसवलं. तिथून चेंडूची पूर्ण कमान, क्षेत्ररक्षकांची हालचाल, वेलींची भिंत आणि तिच्यामागच्या घरांच्या गच्च्या सगळं एका नजरेत मावतं. त्यामागच्या ४०० च्या आकड्यात छत पेलणारे खांब पुन्हा येतात, तेव्हा तिथेही वरचीच तपासणी. वर जायला नागमोडी चढण आहे. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कुठे आहे ते आत शिरतानाच विचारून घ्या. पाय पसरायला जागा कुठेच फारशी नाही. उंच माणसाने रांगेच्या कडेची खुर्ची घ्यावी.

आउटफिल्डच्या भिंतीमागचे ५०० चे सेक्शन म्हणजे ब्लीचर्स. तिथे क्रमांकाची खुर्ची नसते, पाठ टेकायला काही नसतं, जो आधी येईल तो हवी ती जागा घेतो. पुढची रांग हवी असेल तर फाटक उघडण्याआधी रांगेत उभं राहायला हवं, आणि फाटक साधारण दीड-दोन तास आधी उघडतं. इथली एक रीत माहीत असावी. पाहुण्या संघाने मारलेला होम रन (थेट भिंतीपार गेलेला फटका) तुमच्या हातात आला तर तो चेंडू मैदानात परत फेकायचा. स्टँडमध्ये आलेला चेंडू घरी नेता येतो याचं क्रिकेट पाहणाऱ्याला अप्रूप वाटतं, पण ब्लीचर्समध्ये तो ठेवून घेतलात तर आजूबाजूचे शेकडो लोक ‘परत फेक’ म्हणून ओरडत राहतील.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. होम प्लेट मैदानाच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे, त्यामुळे दुपार कलली की सूर्य होम प्लेट आणि तिसऱ्या बेसच्या (धावणाऱ्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या) मागे जातो. सावली तिसऱ्या बेसच्या बाजूला आधी पोचते, आणि कब्सचं डगआउटही त्याच बाजूला आहे. ब्लीचर्समध्ये मात्र सूर्य सरळ तोंडावर येतो. जुलैमध्ये टोपी आणि सनस्क्रीनशिवाय तिथे बसू नये. एप्रिलमध्ये उलट होतं. २०० च्या मागच्या रांगांत ऊन अजिबात येत नाही, सरोवरावरचा गार वारा मात्र येतो, आणि जाड जॅकेट घालूनही हुडहुडी भरते. पावसात याच रांगा कोरड्या राहतात, हा त्यांचा एक मोठा गुण.

आता वारा. मिशिगन सरोवर इथून पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वारा ईशान्येकडून, सरोवरावरून आला तर तो आउटफिल्डमधून होम प्लेटकडे वाहतो आणि भिंतीपार जाणारे फटके क्षेत्ररक्षकाच्या हातात आणून टाकतो. उन्हाळ्यात नैऋत्येचा उष्ण वारा सुटला की साधा उंच झेलसुद्धा रस्त्यावर जाऊन पडतो. १७ मे १९७९ रोजी वारा असाच बाहेर वाहत होता आणि फिलाडेल्फियाने कब्सना २३-२२ असं हरवलं. त्यामुळे आत शिरल्यावर आधी स्कोअरबोर्डवरचे झेंडे बघायचे. ते घरांकडे फडकत असतील तर धावांची रेलचेल, होम प्लेटकडे फडकत असतील तर पिचरचा दिवस.

त्या झेंड्यांना आणखी एक अर्थ आहे. डोलकाठीवर नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी कब्स ज्यात आहेत त्या गटाच्या) तीन विभागांतल्या संघांचे झेंडे असतात आणि त्यांचा वरून खाली क्रम म्हणजे त्या दिवशीची गुणतालिका. खालचा हिरवा स्कोअरबोर्ड १९३७ चा, म्हणजे आपल्या ब्रेबॉर्न स्टेडियमच्याच वयाचा. त्याच्या पोटात माणसं बसलेली असतात आणि इतर शहरांतल्या सामन्यांचे आकडे पत्र्याच्या पाट्या बदलून हाताने लावतात. सामना चालू असताना एखादी चौकट रिकामी होते, आत हात दिसतो, नवा आकडा बसतो. दोन्ही बाजूंना २०१५ मध्ये मोठे व्हिडिओ पडदे आले. रीप्लेची सोय झाली हे खरं, पण नजर पुन्हा पुन्हा मधल्या पाट्यांकडेच वळते.

भिंतीवरची वेलही १९३७ चीच. बिल व्हेक तेव्हा क्लबचा तरुण कर्मचारी होता, त्याने ती लावून घेतली. भिंत विटांची आहे आणि तिला गादी नाही, त्यामुळे पळत जाऊन झेल घेणारा आउटफिल्डर शेवटच्या दोन पावलांत कचरतो. चेंडू वेलीत अडकला तर त्याने दोन्ही हात वर करायचे. अंपायर फलंदाजाला दोन बेस देतो. पण त्याने पानांत हात घालून चेंडू शोधायला सुरुवात केली तर खेळ चालू धरला जातो आणि धावणारे धावत सुटतात. हा प्रसंग दिसायचा तर जूननंतर जा. एप्रिलमध्ये वेल म्हणजे तपकिरी काड्यांची जाळी असते आणि चेंडू विटांवरून टणकन उसळून परत येतो. भिंतीच्या माथ्यावर १९७० मध्ये बसवलेली तारेची जाळी आहे. तिच्यात पडलेला चेंडू होम रन ठरतो, त्यामुळे काही फटके भिंत ओलांडण्याआधीच धावा देऊन जातात. अंतर डावीकडे ३५५ फूट, मध्ये ४००, उजवीकडे ३५३. फाउल पोलजवळ (मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेवरच्या खांबाजवळ) भिंत आत वळून कोनाडा होतो, तिथे गेलेला चेंडू कुठे उसळेल हे सांगणं कठीण.

शक्य असेल तर दुपारचाच सामना घ्या. या मैदानावर दिवे लागले ते १९८८ च्या ऑगस्टमध्ये. ८ तारखेचा पहिला सामना पावसात बुडाला आणि पूर्ण झालेला पहिला रात्रीचा सामना ९ तारखेचा. आजूबाजूला लोकवस्ती असल्यामुळे रात्रीच्या सामन्यांवर महापालिकेची मर्यादा आहे, म्हणून इथे दुपारचे सामने इतर मैदानांपेक्षा जास्त होतात आणि ते बहुधा १:२० ला सुरू होतात. पिच क्लॉक (दोन चेंडूंमधला वेळ मोजणारं घड्याळ) आल्यापासून सामना पावणेतीन तासांच्या आत-बाहेर संपतो. एप्रिल-मेमधल्या आठवड्याच्या दिवसांची तिकिटं स्वस्त, सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धचे शनिवार-रविवार सर्वांत महाग.

तिकीट फोनवरच असतं. फाटकापाशी गर्दीत नेटवर्क रखडतं आणि रांग अडते, म्हणून ते घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागतं. बिअरसाठी वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा मागतात. भारतातून आलेल्याने पासपोर्ट बरोबर ठेवावा.

खाण्यात शिकागोचा हॉट डॉग हवाच असं सगळे सांगतील. खसखस लावलेला पाव, मोहरीचा सॉस, कांदा, भडक हिरवी रेलिश (काकडीची गोडसर चटणी), टोमॅटो, लोणच्यातली काकडी, छोट्या मिरच्या आणि सेलरीचं मीठ. केचप घालत नाहीत. पण आतला सॉसेज बीफचा असतो, हे मागवण्याआधी लक्षात घ्या. शाकाहारी माणसाला बऱ्याच काउंटरवर शेंगा, पॉपकॉर्न, प्रेटझेल, नाचो यांवर भागवावं लागतं आणि ते पोटभरीचं नाही. मात्र रिग्लीत घरचं खाणं नेऊ देतात. थेपले किंवा पोळीचा रोल कागदात गुंडाळून नेणं उत्तम, आणि सीलबंद प्लास्टिकची पाण्याची बाटली चालते. काच आणि दारू चालत नाही. बॅगेच्या मापाचे नियम बदलतात, तेवढे क्लबच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात बघा.

पुरुषांच्या स्वच्छतागृहात अजून लांबलचक सामाईक पन्हळी आहेत. संकोच वाटणाऱ्याने हे आधीच जाणून असावं. इनिंग (दोन्ही संघांची एकेक फलंदाजी) संपल्यावर सगळे एकदम उठतात, म्हणून इनिंग चालू असतानाच जाऊन यावं, फक्त सातवी इनिंग अर्धी झाल्यावर जागेवर असा. तेव्हा अख्खं मैदान उभं राहून ऑर्गनच्या साथीने ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ गातं. समालोचक हॅरी केरी १९८२ पासून हे गाणं गाऊन घेत. ते १९९८ मध्ये गेल्यावर दर सामन्याला वेगळा पाहुणा गातो. मेजर लीगच्या मैदानात ऑर्गन पहिल्यांदा वाजला तोही इथेच, १९४१ मध्ये.

गाडी आणू नका. पार्किंग थोडं, महाग, आणि आजूबाजूच्या गल्ल्या रहिवाशांच्या परवान्याच्या. शहरी रेल्वेच्या रेड लाइनचं ॲडिसन स्टेशन मैदानाला लागून आहे. सावध राहायचं ते नावापाशी, कारण ब्लू लाइन आणि ब्राउन लाइनवरही ॲडिसन नावाची स्टेशनं आहेत. ओहेअर विमानतळावरून किंवा शॉमबर्ग उपनगराकडून रोझमाँट स्टेशनला गाडी ठेवून येणारे ब्लू लाइनच्या ॲडिसनला उतरतात आणि मैदान पाच किलोमीटर दूर राहतं. तसं झालं तर बिघडत नाही, तिथून ॲडिसन रस्त्याने पूर्वेला जाणारी १५२ नंबरची बस पकडा. नेपरव्हिल उपनगराहून येणाऱ्यांनी मेट्रा या उपनगरी रेल्वेने युनियन स्टेशन गाठावं आणि पूर्वेला चालत जाऊन रेड लाइन घ्यावी.

सामना संपल्यावर लगेच उठू नका. स्कोअरबोर्डवर झेंडा चढतो, कब्स जिंकले असतील तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, हरले असतील तर निळ्यावर पांढरा एल. तोवर ॲडिसनचा फलाट तुडुंब भरलेला असतो. तिथे न शिरता उत्तरेला शेरिडन स्टेशनपर्यंत चालत जा, साधारण पंधरा मिनिटं लागतात. शहराकडे जाणारी गाडी शेरिडनहूनच ॲडिसनला येते, त्यामुळे तिथे बसायला जागा मिळते.