माझ्यासाठीच आखलेला मार्ग आणि त्यातील पान 14

माझी आई ऑक्टोबर 2022 मध्ये गेली. त्या वेळी मी कंपनीच्या कामासाठी चेन्नईत होतो आणि नाशिकला पोहोचेपर्यंत तिला घराबाहेर नेण्याची तयारी झालेली होती. ही खासगी गोष्ट येथे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे ज्यांनी माझ्याकडून एकूण 1,51,098 रुपये घेतले, त्यांनी मुख्यतः हिचाच वापर केला, आणि ती त्यांना मीच लिहून दिली होती.

सुरुवात 99 रुपयांच्या वेबिनारने झाली. जाहिरातीत बुवा नव्हता, भगवी वस्त्रे नव्हती, अंगारा किंवा ताईत नव्हता. असल्या गोष्टींना मी फसणार नाही, असा माझा समज होता आणि ती जाहिरात नेमकी तसा समज बाळगणाऱ्यांसाठीच केलेली होती. कोणत्याही गुरूच्या मागे जाऊ नका, प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो, आम्ही तो फक्त शोधून देतो, असे शर्ट-पँटमधला एक नेटका गृहस्थ दोन तास सांगत होता. त्यातील ‘प्रत्येकाचा मार्ग वेगळा असतो’ हे म्हणणे मला आजही चुकीचे वाटत नाही. त्यानंतर एका हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा झाली, तिचे 4,999 रुपये. कार्यशाळेच्या शेवटी निवासी शिबिराच्या बाराच जागा उरल्याचे जाहीर झाले आणि मी 28,000 रुपये भरले.

शिबिर इगतपुरीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये होते. त्याच इगतपुरीत विपश्यनेचे केंद्र आहे, जेथे दहा दिवसांच्या शिबिरासाठी राहण्याजेवण्याचेही शुल्क घेत नाहीत आणि दानसुद्धा शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारतात. माझ्या एका सहकाऱ्याने ते सुचवलेही होते. परंतु तेथे सर्वांना एकच शिकवतात, मला माझे वेगळे हवे आहे, असे मी त्याला ऐटीत सांगितले होते. माझ्या आईने गावातल्या एका जुन्या वारकऱ्याच्या हातून माळ घातली, तेव्हा तिला तुळशीच्या माळेपुरतेच पैसे पडले होते, आणि पुढे पाय चालत होते तोवर ती त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जात राहिली. तिचा मार्ग मला त्या वेळी सर्वसाधारण वाटत असे.

शिबिरापूर्वी अकरा पानांचा एक अर्ज भरून घेतला होता. कोणाची क्षमा मागायची राहून गेली आहे, रात्री कोणत्या आठवणीने जाग येते, असे त्यात प्रश्न होते आणि मी प्रामाणिकपणे पानेच्या पाने लिहिली. शिबिराच्या दुसऱ्या रात्री दिवे मंद करून मार्गदर्शकांनी मला पुढे बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “दादा, तुम्ही कोणाच्या तरी दारात उशिरा पोहोचलात.” चाळीसेक माणसांसमोर मी लहान मुलासारखा रडलो. तो अर्ज देऊन आठ दिवसही झाले नव्हते, तरी त्याची मला आठवण झाली नाही.

डोळे पुसत मी बाहेर आलो, तो शेजारच्या खोलीत समन्वयक टॅबलेट घेऊन बसलेलेच होते. वर्षभराच्या वैयक्तिक मार्गदर्शनाचे एक लाख आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. निर्णय त्याच रात्री घ्यायचा होता, कारण सकाळी मन मागे खेचेल आणि ते खेचणे हाच माझा जुना अडथळा होता म्हणे. आधार, पॅन, ओटीपी, सगळे पाच मिनिटांत उरकले. संस्थेला बारा हप्ते द्यायचे आहेत, अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात एका वित्तकंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून पूर्ण रक्कम संस्थेला दिली होती. अशा डिजिटल कर्जात काही मुदत अशी असते, की मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज परत करून कर्जातून बाहेर पडता येते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये तसे बंधन घातले आहे आणि ती मुदत कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात लिहिलेली असते. माझे माहितीपत्रक त्याच रात्री ईमेलवर आले होते. मी ते तीन महिन्यांनी उघडले. ज्यांनी कालपरवाच असा ओटीपी दिला असेल, त्यांनी हे वाचणे येथेच थांबवून आधी तो ईमेल पाहावा.

तीन आठवड्यांनी माझा ‘फक्त तुमच्यासाठी’ आखलेला चोवीस पानांचा आराखडा आला. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत माझे नाव होते. आत पहाटेचा श्वासाभ्यास, कृतज्ञतेची वही, रात्री मोबाइल दूर ठेवणे असे सगळे होते. पान 14 वर लिहिले होते, “एक पत्नी आणि सून म्हणून तुम्ही आजवर इतरांसाठीच जगलात.” बायकोने ते मोठ्याने वाचले, खूप हसली आणि मग याचे किती दिले ते विचारले. तिला तोवर 28,000 पर्यंतचाच हिशेब ठाऊक होता. संस्थेचे उत्तर असे आले, की माझ्यातील स्त्रीतत्त्व जागे व्हावे म्हणून ते वाक्य हेतुपुरस्सर घातले आहे. शिबिरात ओळख झालेल्या संगमनेरच्या एका ताईंना मी फोन केला. त्यांचा आराखडा शब्दशः तोच निघाला; मात्र पान 14 त्यांना इतके तंतोतंत लागू पडले होते, की त्यांनी आणखी दोन मैत्रिणींची नावे नोंदवली होती.

पैसे परत मागताच शंका हा शुद्धीकरणाचा टप्पा असल्याचे सांगून मला व्हॉट्सअॅप गटातून काढले. माझ्या मनात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा होता. परंतु त्याच्या अनुसूचीत ठरावीक कृत्ये आहेत आणि माझ्या बाबतीत कोणी चमत्काराचा दावाच केला नव्हता. पावतीवरही साधनेचा उल्लेख नव्हता, ‘व्यक्तिमत्त्व विकास प्रशिक्षण’ एवढेच होते, आणि अखेर तेच कामी आले, कारण शुल्क घेऊन दिलेली ती सेवा ठरली. मी 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर नोंद केली आणि वकिलांमार्फत सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. दोन्ही आराखडे शेजारी शेजारी जोडल्यावर संस्थेने तक्रार दाखल होण्याआधीच 60,000 रुपये परत केले. कर्जाचे हप्ते मात्र मी सगळे भरले. रागाच्या भरात ते थांबवले असते, तर सिबिलमधली नोंद माझीच बिघडली असती.

तडजोडीच्या वेळी मी तो अकरा पानांचा अर्जही परत मागितला होता. तो संस्थेच्या नोंदींचा भाग आहे, असे उत्तर मिळाले. गेल्या महिन्यात अनोळखी क्रमांकावरून फोन आला, कार्यक्रमाचे नाव नवीन होते. बोलणारी मुलगी मोठ्या अदबीने म्हणाली, “दादा, आईंची तिथी जवळ आली आहे ना?”