गुडघा बदलताना सिमेंटवाला की बिनसिमेंटचा?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि कुठला सांधा बसवायचा कळत नाहीये असं विचारलंयस, तर ब्रोशरमधलं बाजूला ठेव आणि हे बघ.

पकड: बोन सिमेंट म्हणजे पीएमएमए, एक प्रकारचं अ‍ॅक्रेलिक. ऑपरेशन चालू असतानाच पावडर आणि लिक्विड कालवतात, ते कणकेसारखं होतं, मग हाडावर आणि इम्प्लांटवर लावून दाबून धरतात, साधारण 10-15 मिनिटांत गरम होऊन दगड होतं. ते चिकटवत नाही बरं का, हाडाच्या बारीक छिद्रांत घुसून अडकून बसतं, त्यामुळे पकड पहिल्या दिवसापासून पक्की. बिनसिमेंटच्यात इम्प्लांटचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि त्यात आपलंच हाड वाढून पकड घेतं, त्याला काही आठवडे ते महिने जातात, म्हणजे हाडात दम हवा.

टिकाऊपणा: सिमेंटचा अनुभव कितीतरी दशकांचा आहे, पण खूप वर्षांनी ते सैल होऊ शकतं. दुसऱ्यात हाड एकदा नीट धरलं की पकड जिवंत राहते.

खर्च: बिनसिमेंटचं इम्प्लांट बहुतेक महाग, पण सिमेंट सुकायची वाट बघावी लागत नाही म्हणून वेळ थोडा वाचतो.

इन्फेक्शनची भीती जास्त असेल तर सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळता येतं, हा मोठा फायदा.

आईंचं वय जास्त असेल, हाडं ठिसूळ असतील तर सिमेंटच घ्या. वय कमी, हाडं घट्ट, वावर भरपूर असेल तर सर्जनला बिनसिमेंटचं नक्की विचारा, आणि त्यांचा हात कशावर जास्त बसलाय तेही.