इलेक्ट्रिक गाडीचा घरचा ७.४ किलोवॅटचा चार्जर: आठ महिने वापरल्यावर

चार्जरची सुरक्षा तपासणं हाच माझा धंदा. त्यामुळे घरी बसवलेला चार्जर पहिल्याच रविवारी उघडला. "वस्तू वापरायला आणता की फाडायला?" इति सौ.

विजेच्या बाजूला नाव ठेवायला जागा नाही. किती अँपिअर घेता येतील ते गाडीला सांगणाऱ्या १ किलोहर्ट्झच्या पायलट सिग्नलचा ड्यूटी सायकल (सिग्नल चालू असण्याचा वाटा) ऑसिलोस्कोपवर ५३ टक्के दिसला. त्याला ०.६ ने गुणलं की ३१.८, म्हणजे ३२ अँपिअरचा हिशेब चोख. गाडीने सिग्नल ९ व्होल्टवरून ६ वर आणेपर्यंत केबलमध्ये वीज येत नाही. मग रिले एकदाच वाजतो, ठक्क. रात्रभर चार्जिंग करूनही टर्मिनल जेमतेम कोमट.

चार्जिंग सुरू करायच्या कार्डाची मात्र गंमत आहे. चार्जर त्याचा फक्त यूआयडी (ओळख क्रमांक) वाचतो. तो नंबर मी कोऱ्या कार्डावर उतरवला, आणि नकली कार्डालाही हिरवा दिवा लागला!

एक वेळ तेही चालवून घेतलं असतं. पण सर्व्हरशी बोलणं ओसीपीपी १.६ वर (चार्जर आणि सर्व्हरची ठरलेली भाषा), टीएलएसशिवाय, म्हणजे कूटबद्ध न करता, नुसत्या पासवर्डवर. पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून धाडावा तसं. खरं तर ओसीपीपीच्या पुढच्या २.०.१ आवृत्तीतले सुरक्षा प्रोफाइल १.६ लाही लावता येतात. आतली चिप टीएलएस आरामात पेलेल, फर्मवेअरमध्ये लायब्ररीही आहे. ती चालू करायचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

पूर्वी मीही असाच होतो. नऊ वर्षं कन्व्हर्टर केले, कार्यक्षमता अर्धा टक्का वाढली की स्वारी खूश. २०२२ मध्ये ब्रोकनवायर नावाच्या हल्ल्याचा शोधनिबंध वाचला: १ वॅटहून कमी ताकदीच्या रेडिओ सिग्नलने ४७ मीटरवरून सीसीएस (जलद डीसी) चार्जिंग बंद पाडलं होतं. त्यानंतर टेबलच बदललं, सुरक्षेकडे आलो. (हा एसी चार्जर त्यातून सुटतो, त्यात हल्ल्याचं लक्ष्य असलेला पॉवरलाइन मोडेम, म्हणजे चार्जिंगच्या केबलमधूनच डेटा नेणारा भाग, नाहीच.)

कंपनीला सगळं सविस्तर, लॉगसकट कळवलं. उत्तर आलं: "कृपया चार्जर बंद करून पुन्हा चालू करावा."

केला. मग वाय-फाय काढून टाकलं. आता चार्जिंगची वेळ गाडीतूनच लावतो, अ‍ॅप फोनमधून गेलं.

तीन तारे. दोन टर्मिनलचे, एक त्या ठक्कचा.